खोटी गर्दी

२००० सालच्या एप्रिल-मे महिन्यांत कॅलिफोर्नियातल्या एका माणसाने ईबेवर एक मोठं, भडक रंगांचं अमूर्त चित्र विकायला काढलं. सुरुवातीची बोली होती २५ सेंट. वर्णन वाचून हसूच यावं: बायको हे घरात लावू देत नाही, म्हणून चित्र गॅरेजमध्ये पडून आहे, त्यातच पोराच्या तीनचाकीने त्याला भोक पाडलंय. चित्रकाराचं नाव कुठेच नव्हतं. फक्त फोटोत, चित्राच्या कोपऱ्यात, ‘आर. डी. ५२’ अशी अक्षरं दिसत होती.

जाणकारांनी बाकीचं स्वतःच जुळवलं. आर. डी. म्हणजे रिचर्ड डीबेनकॉर्न, कॅलिफोर्नियाचा नामवंत चित्रकार. ५२ म्हणजे १९५२. बिचाऱ्या विकणाऱ्याला आपल्याकडे काय आहे याचा पत्ताच नाही! बोली चढत गेली आणि लिलाव संपला तेव्हा आकडा होता १,३५,८०५ डॉलर. एवढ्या रकमेने वर्तमानपत्रांचं लक्ष वेधलं आणि मग एकेक गोष्ट उघडी पडली. विकणारा केनेथ वॉल्टन हा सॅक्रामेंटोतला वकील होता. बायको आणि तीनचाकीवाला पोरगा ही बनवाबनवी होती. कोपऱ्यातली अक्षरं त्याने स्वतःच रंगवली होती. स्वतःच्याच चित्रावर त्याने बोलीही लावली होती, म्हणून ईबेने विक्री रद्द केली. तपासात दिसलं की तो आणि त्याचे साथीदार चाळीसहून अधिक खोट्या नावांनी एकमेकांच्या मालाचे भाव चढवत होते. वॉल्टनने २००१ मध्ये गुन्हा कबूल केला, वकिली गमावली आणि पुढे त्यावर पुस्तकही लिहिलं.

या प्रकरणात लक्षात घेण्यासारखं हे की ‘हे डीबेनकॉर्नचं चित्र आहे’ असं वॉल्टनने कुठेही म्हटलं नव्हतं. त्याने दोन गोष्टी पुरवल्या: एक धागा आणि थोडी गर्दी. खोटं बोलण्याचं काम गर्दीने केलं. ऑनलाइन लिलावातल्या बऱ्याच फसवणुकी अशाच चालतात. त्यांत वस्तू खोटी असेल किंवा खरीही असेल, पण तिच्याभोवती उभी केलेली माणसं, चढाओढ आणि घाई मात्र हमखास खोटी असते.

किंमत कोण सांगतं?

दुकानात वस्तूची किंमत दुकानदार सांगतो आणि आपण त्याच्यावर संशय घेतो. लिलावात किंमत इतर गिऱ्हाईकं सांगतात. ती आपल्यासारखीच, म्हणून आपण त्यांच्यावर सहज विश्वास ठेवतो. पाच जण बोली लावताहेत म्हणजे वस्तूत काहीतरी असणार, हा तर्क चुकीचा नाही. फक्त ते पाच जण खरे हवेत.

लासलगावच्या बाजार समितीत कांद्याचा लिलाव पाहिला की फरक कळतो. ट्रॉलीभोवती व्यापारी उभे असतात, माल हातात घेऊन पाहतात, समितीचा माणूस बोली पुकारतो आणि शेतकरी शेजारी उभा राहून ऐकतो. कोण किती बोलला हे सगळ्यांना दिसतं. तिथेही व्यापाऱ्यांचं संगनमत होतंच, तक्रारी होतातच. पण निदान माणसं मोजता येतात. पडद्यावरच्या लिलावात ‘के*९’ आणि ‘आर*१’ एवढंच दिसतं. ही दोन माणसं आहेत की एकाच माणसाचे दोन फोन, हे कळायला मार्ग नसतो.

त्यात लिलावाची स्वतःची एक खोड आहे आणि तिला फसवणुकीची गरज लागत नाही. १९७१ मध्ये अमेरिकेतल्या एका तेल कंपनीच्या तीन अभियंत्यांनी दाखवून दिलं की समुद्रातल्या तेलक्षेत्रांच्या लिलावात जिंकणाऱ्या कंपन्यांना पुढे अपेक्षेपेक्षा कमी परतावा का मिळतो. प्रत्येक जण तेलाचा अंदाज बांधतो, काहींचा कमी पडतो, काहींचा जास्त. आणि ज्याचा अंदाज सर्वांत फुगलेला तोच जिंकतो. अर्थशास्त्रात याला ‘विजेत्याचा शाप’ म्हणतात. खऱ्या चढाओढीतही जर जिंकणारा जास्त पैसे मोजण्याची शक्यता असते, तर खोट्या चढाओढीत काय होईल याची कल्पना करता येते.

म्हणून पहिला नियम: वस्तूची कमाल किंमत लिलाव सुरू होण्याआधी, बाहेरून ठरवायची. तशीच वस्तू इतरत्र कितीला गेली, दुरुस्तीला काय लागेल, आणायला किती खर्च येईल, हे कागदावर मांडायचं. बरीच लिलावगृहं हातोडा पडल्यानंतर बोलीच्या रकमेवर ग्राहकाकडून वेगळी दलाली घेतात. महाराष्ट्र शासनाने २०२५ मध्ये लंडनच्या सदबीज लिलावातून रघुजी भोसले यांची तलवार मध्यस्थामार्फत मिळवली, तेव्हा जाहीर झालेल्या ४७ लाख १५ हजार रुपयांत हाताळणी, वाहतूक आणि विमाही धरलेला होता. ऐतिहासिक तलवार असो की जुना मिक्सर, बोलीचा आकडा आणि खिशातून जाणारा आकडा वेगळे असतात.

हरायला आलेला बोलीदार

विकणाऱ्याने उभा केलेला डमी बोलीदार ओळखायची एक सोपी खूण आहे: तो हरण्यासाठी येतो. खरा ग्राहक अनेक विक्रेत्यांकडे फिरतो, कधी जिंकतो, कधी सोडून देतो. डमी त्याच त्या विक्रेत्याच्या मालावर बोली लावतो, लवकर लावतो, छोट्या छोट्या पायऱ्यांनी चढवतो आणि शेवटच्या मिनिटाला गायब होतो. बोलींचा इतिहास उघडा असेल तर तो पाहावा.

ईबेसारख्या ठिकाणी आपण कमाल रक्कम आधी नोंदवतो आणि यंत्रणा आपल्या वतीने गरजेपुरतीच बोली वाढवत नेते. सोय चांगली आहे, पण तिच्यात एक भोक आहे. डमी बोलीदार पायरीपायरीने वर जात आपण नोंदवलेली कमाल मर्यादा चाचपतो. ती ओलांडली गेली की ‘चुकून जास्त शून्य पडलं’ म्हणून स्वतःची बोली मागे घेतो. आता आपण जिंकलेलो असतो, पण आपल्या मर्यादेच्या अगदी टोकावर. कोणी मोठी बोली मागे घेतली आणि किंमत बरोबर आपल्या आकड्यापाशी येऊन थांबली, तर योगायोग समजू नये.

डमीचा अंदाज कधी चुकतो आणि तोच जिंकून बसतो. मग दोन दिवसांनी आपल्याला निरोप येतो: ‘पहिल्या ग्राहकाने माघार घेतली, तुमच्या बोलीला वस्तू देतो.’ अशी दुसरी संधी देण्याची अधिकृत सोय काही संकेतस्थळांवर आहे आणि ती प्रत्येक वेळी खोटी नसते. पण तेव्हा विचार करावा: मधल्या त्या माघारी गेलेल्या माणसाच्या बोली वजा केल्या, तर आपली बोली कितीवर थांबली असती? द्यायचीच तर तेवढी रक्कम देऊ करावी.

आपल्याकडे याबद्दल कायदा जुना आणि स्पष्ट आहे. माल विक्री अधिनियम, १९३०च्या कलम ६४ नुसार, विकणाऱ्याने बोली लावण्याचा हक्क आधी जाहीरपणे राखून ठेवला नसेल, तर त्याने स्वतः बोली लावणं किंवा दुसऱ्याकडून लावून घेणं बेकायदा आहे. भाव चढवण्यासाठी खोट्या बोली लावल्या असतील तर विक्री रद्द करायची की नाही, हे ग्राहकाच्या मर्जीवर. अडचण कायद्याची नसून पुराव्याची असते. म्हणून बोलींच्या इतिहासाचे स्क्रीनशॉट लिलाव चालू असतानाच काढून ठेवावेत.

बोली लावण्याचेच पैसे घेणारा एक प्रकारही मधल्या काळात गाजला. जर्मनीत सुरू झालेल्या स्वूपो नावाच्या संकेतस्थळावर प्रत्येक बोलीसाठी शुल्क होतं. हिशोब करून पाहू: एका बोलीचं शुल्क ६० सेंट आणि प्रत्येक बोलीने किंमत वाढते १ सेंट. वस्तू ५० डॉलरला ‘स्वस्तात’ गेली, तर तोवर ५,००० बोली लागल्या आणि शुल्काचेच ३,००० डॉलर जमा झाले. जिंकणारा एक, पैसे भरून रिकाम्या हाताने परतणारे बाकी सगळे. स्वूपो २०११ मध्ये दिवाळखोरीत गेलं, पण ही कल्पना नाव बदलून पुन्हा पुन्हा उगवते.

तारे आणि शेरे

१९९५ मध्ये पिएर ओमिड्यारने ईबेचं पहिलं रूप सुरू केलं, तेव्हा अनोळखी माणसं एकमेकांना पैसे का पाठवतील, हा मोठाच प्रश्न होता. त्याचं उत्तर म्हणून पुढच्याच वर्षी शेऱ्यांची पद्धत आली: व्यवहार झाला की दोघांनी एकमेकांबद्दल लिहायचं. आजचे बरेचसे तारे आणि रेटिंग तिथूनच पसरले.

शेरे उपयोगी आहेत, पण ते मोजायचे नसून वाचायचे असतात. शंभर चांगले शेरे दहा-वीस रुपयांच्या स्टिकरांवर मिळवता येतात आणि मग एकदाच महागडा कॅमेरा विकायला काढता येतो. वर्षानुवर्षं चांगलं चाललेलं खातं कोणी चोरूनही वापरतो. ज्या खात्यावर आजवर मुलांचे कपडे विकले जात होते, तिथे अचानक दहा आयफोन दिसले, तर खात्याचा मालक बदललाय असं समजावं. वर्णनही शब्द न् शब्द वाचावं. ‘गेमिंग कन्सोलचा मूळ डबा, उत्तम स्थितीत’ या वाक्यात कन्सोल कुठेच नाही; विकणाऱ्याने खोटं काहीच लिहिलेलं नाही आणि घरी येणार आहे रिकामा डबा.

अमेरिकेत एफबीआयच्या सहभागाने चालणाऱ्या इंटरनेट गुन्हे तक्रार केंद्राच्या २००४ सालच्या अहवालात सत्तर टक्क्यांहून अधिक तक्रारी लिलावांबद्दलच्या होत्या. त्यांतला मोठा भाग साधा होता: पैसे गेले, माल आला नाही. अशा व्यवहारात विकणारा काही ना काही कारण काढून ग्राहकाला संकेतस्थळाच्या बाहेर नेतो. ‘कमिशन वाचेल, थेट खात्यात टाका.’ ग्राहक सावध असेल तर त्याला एक ‘तटस्थ’ संस्था सुचवली जाते, जी पैसे सांभाळून ठेवते आणि माल मिळाल्यावर विक्रेत्याला देते. अशा खऱ्या संस्था आहेत, पण विक्रेत्याने पाठवलेल्या लिंकवरची संस्था बहुधा त्याचीच असते. पैशांची वाट आपण निवडायची किंवा संकेतस्थळाने; विकणाऱ्याने कधीच नाही.

ओढलेल्या गाड्या, पकडलेले फोन

ईबेने २००४ मध्ये मुंबईची बाझी डॉट कॉम विकत घेऊन भारतात पाऊल टाकलं. २०१८ मध्ये ईबे इंडिया बंद झालं. तेव्हापासून आपल्याकडे सर्वसाधारण वस्तूंच्या लिलावाची अशी मोठी पेठ उरलेली नाही. लिलाव मात्र वाढलेच: बँकांचे, सरकारी खात्यांचे, वाहनांचे आणि व्हॉट्सअॅप-फेसबुकच्या ग्रुपवरचे. फसवणारेही तिकडे गेले.

हप्ते थकले की फायनान्स कंपनी गाडी ओढून नेते आणि लिलावात काढते, हे गावोगाव माहीत आहे. त्यामुळे ‘बँकेने ओढलेल्या बुलेट, निम्म्या किमतीत, आज रात्री १० पर्यंत बोली’ ही जाहिरात खरी वाटते. बोली लागते, आपण ‘जिंकतो’, मग टोकन, नंतर विमा, नंतर वाहतूक, नंतर परत मिळणारी अनामत अशा रकमा एकामागून एक मागितल्या जातात. प्रत्येक रक्कम आधीच्या रकमेपेक्षा लहान वाटते आणि आधी भरलेले पैसे बुडू नयेत म्हणून आपण पुढची भरतो.

खऱ्या लिलावात गाडी यार्डात उभी असते आणि बोलीआधी पाहता येते. ‘पाहायला मिळणार नाही, फोटो पाठवतो’ म्हटलं की विषय संपला. गाडी पाहिल्यावर चासी नंबर आरसीशी ताडावा. परिवहन विभागाच्या पोर्टलवर वाहन क्रमांक टाकून कर्ज देणाऱ्या संस्थेचं नाव पाहावं आणि विकणारी संस्था तीच आहे का ते तपासावं. थकलेली चलनं किती, बोजा उतरवण्याची कागदपत्रं कोण देणार, हेही बोलीआधी लेखी घ्यावं.

‘कस्टमने पकडलेले फोन आणि लॅपटॉप’ हा याचाच भाऊ. सीमाशुल्क विभाग जप्त मालाचा लिलाव करतो हे खरंच आहे, पण तो एमएसटीसीसारख्या सरकारी कंपनीच्या ई-लिलाव पोर्टलवर, नोंदणी आणि इसारा रक्कम भरून होतो. इन्स्टाग्रामवर एकेक आयफोन विकायला कोणी अधिकारी बसत नाही. आणि विकणारा स्वतःला लष्करी जवान म्हणवून ‘बदली झाली, तातडीने विकायचंय’ म्हणत ओळखपत्राचा फोटो पाठवत असेल, तर तो फोटो कशाचाच पुरावा नसतो. गणवेशाबद्दलचा आदर हेच त्या फसवणुकीचं भांडवल असतं.

खरा लिलाव, खरी जोखीम

पुण्या-ठाण्याचे फ्लॅट बँकेच्या लिलावात बाजारभावापेक्षा स्वस्त मिळतात, असं ऐकून बरेच जण तिकडे वळतात. सरफेसी कायदा, २००२ नुसार बँक थकबाकीदाराची तारण मालमत्ता विकू शकते. सरकारी बँकांच्या मालमत्तांसाठी २०२५ च्या सुरुवातीपासून ‘बँकनेट’ हे एकत्रित पोर्टल आहे. इथे भामटे दोन प्रकारे शिरतात: खऱ्यासारखं दिसणारं संकेतस्थळ काढून, किंवा ‘मॅनेजर ओळखीचा आहे, लिलावाआधीच करून देतो’ म्हणणारा दलाल बनून. त्यामुळे जाहीर नोटिशीतल्या शाखेत जाऊन प्राधिकृत अधिकाऱ्याला भेटावं आणि इसारा रक्कम भरायचं खातं तिथेच पडताळावं.

नोटीस खरी निघाली, तरी ती नीट वाचावी. ‘जसे आहे, जेथे आहे, जे काही आहे’ या तत्त्वावर विक्री म्हणजे आतला भाडेकरू, सोसायटीची थकबाकी, मालमत्ता कर, कोर्टातला दावा, सगळं तुमच्या गळ्यात येऊ शकतं. ‘सांकेतिक ताबा’ असं लिहिलं असेल तर बँकेने फक्त दारावर नोटीस लावलेली आहे. आत माणसं राहत असू शकतात. ‘प्रत्यक्ष ताबा’ असेल तर किल्ली बँकेकडे आहे. या दोन शब्दांच्या मध्ये काही वर्षांची कोर्टबाजी असू शकते.

पैशांचं वेळापत्रकही कडक आहे. बोली मंजूर झाली की २५ टक्के रक्कम त्याच दिवशी, फार तर पुढच्या कामाच्या दिवशी भरावी लागते आणि उरलेली सर्वसाधारणपणे १५ दिवसांत. मुदत लेखी संमतीने वाढू शकते, पण गृहकर्ज होईल या भरवशावर बोली लावणारे इथेच अडकतात. उरलेली रक्कम वेळेत भरली नाही तर भरलेले २५ टक्के जप्त होतात, आणि २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही जप्ती उचलून धरली. यात फसवणूक कोणाचीच नाही. तरी न वाचता बोली लावणाऱ्याला तिचा अनुभव सारखाच येतो.

ग्रुपवरची शिवराई

नाणी आणि जुन्या वस्तूंच्या छंदी लोकांचे लिलाव व्हॉट्सअॅप-फेसबुकवर रोज रात्री रंगतात. त्यांत प्रामाणिक माणसं भरपूर आहेत. पण शिवराई, म्हणजे मराठेशाहीतलं जुनं नाणं, ही तांब्याची, झिजलेली, ओबडधोबड टंकनाची. तिची नक्कल करणं सोपं आणि ती फोटोवरून ओळखणं कठीण. वजन, व्यास, दोन्ही बाजूंचे आणि कडेचे स्पष्ट फोटो, आणि मुख्य म्हणजे वस्तू कोणाकडून कशी आली याचा कागद, एवढं मागावं. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना पुरावशेष कायदा, १९७२ लागू होतो आणि त्यांचा धंदा करायला परवाना लागतो. परवान्याबद्दल विचारलं की काही विक्रेते गप्प होतात. तेच उत्तर समजावं.

याच बाजारात उलटा सापळाही आहे. ‘ट्रॅक्टरवाली पाच रुपयांची नोट असेल तर लाखो मिळतील’ म्हणत तुम्हालाच विक्रेता बनवलं जातं, खोटी बोली दाखवली जाते आणि पैसे पाठवण्याआधी ‘रिझर्व्ह बँकेचं शुल्क’ मागितलं जातं. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर केलं आहे की जुन्या नोटा-नाण्यांच्या अशा व्यवहारांशी तिचा संबंध नाही आणि ती असं कोणतंही शुल्क घेत नाही. पैसे मिळवण्यासाठी यूपीआय पिन टाकावा लागत नाही, हे इथेही तितकंच खरं.

पैसे गेले तर

लाज बाजूला ठेवून पहिल्या तासाभरात १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करावा. चोरलेली रक्कम एका खात्यातून दुसऱ्या खात्यात फिरत असते. ती वाटेत गोठवता येते, पण एटीएममधून निघाल्यावर नाही. लगेच बँकेला कळवावं, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवावी आणि व्यवहार क्रमांक, संभाषण, जाहिरात, बोलींचा इतिहास जपावा. विक्रेता खरा व्यापारी असून माल खोटा निघाला असेल, तर १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आणि ग्राहक आयोग हा रस्ता आहे. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार संकेतस्थळाच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निकाल द्यायचा असतो.

एक गोष्ट मात्र आधीच माहीत असलेली बरी. आपल्या नकळत खात्यातून पैसे गेले आणि तीन कामकाजी दिवसांत कळवलं, तर रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमांचं संरक्षण मिळू शकतं. लिलावातल्या फसवणुकीत बहुतेकदा पिन आपणच टाकलेला असतो, आणि मग बँक हात वर करते. त्यामुळे लिलावात सर्वांत भक्कम संरक्षण पैसे जाण्याआधीचंच असतं: वस्तू डोळ्यांनी पाहिलेली, विकणारा दुसऱ्या मार्गाने पडताळलेला, पैशांची वाट आपण निवडलेली आणि कमाल आकडा कागदावर लिहिलेला. यांतलं एक जरी जमत नसेल तरी बोली सोडून द्यावी. स्वूपोसारखे प्रकार सोडले तर हरलेल्या लिलावाचा खर्च शून्य असतो, ही सोय दुकानातल्या कुठल्याच सवलतीत मिळत नाही.